दारावरच्या दगडातली ग्रेस कोण होती?

सातारकर_मेलबर्न

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माझे आईवडील साताऱ्याहून आमच्याकडे मेलबर्नला आले होते. सगळे पाहुणे जातात तसे आम्हीही त्यांना फिट्झरॉय गार्डन्समधील ‘कुक्स कॉटेज’ दाखवायला नेले. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे लाल कौलांचे, दोन-चार खोल्यांचे एक जुने घर असून ते मूळचे इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या ग्रेट एटन या खेड्यातले आहे, आणि १९३४ साली ते सुटे करून, जहाजातून आणून येथे पुन्हा जसेच्या तसे जोडले गेले. आपल्याकडे जेथे गणेशपट्टी असते, साधारण त्याच जागी या घराच्या दारावर दगडात कोरलेली आद्याक्षरे आणि १७५५ हे साल आहे.

माझी आई जुन्या वाड्यात वाढलेली असल्यामुळे असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत. तिने चष्मा पुसून ती अक्षरे वाचली आणि विचारले, “यातले ‘जे’ म्हणजे तुमचा तो कप्तान जेम्स, हे समजले, मग ही ‘जी’ कोण? त्याची बायको का?” मलाही तसेच वाटत होते, म्हणून मी होय म्हणालो, पण तेथे काम करणाऱ्या एका बाईंनी सौजन्याने चूक दुरुस्त केली. दगडावरचा जेम्स हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा प्रसिद्ध दर्यावर्दी कप्तान जेम्स कुक नसून त्याचा बाप आहे. बापलेकांचे नाव एकच. आणि ‘जी’ म्हणजे ग्रेस, ही त्या कप्तानाची आई. यावर आईने ताबडतोब पुढचे प्रश्न काढले, “माहेरची कोण ती? मुले किती झाली? आणि त्यांच्या घराण्यात आता कोणी आहे की नाही?” यांपैकी एकाचेही उत्तर मला देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर कप्तानावर इतके वाचूनही हे प्रश्न मला कधी पडले नव्हते, याचीच मला थोडी लाज वाटली.

म्हणून येथे विचारतो. इतिहासाच्या पुस्तकात ज्याचे नाव येते त्या मुलाबद्दल नव्हे, तर त्या खेड्यात राहिलेल्या नवराबायकोबद्दल मला जाणून घ्यायचे आहे. ती दोघे मूळची कुठली, पोट कशावर भरत होती, मजुरी करणाऱ्या माणसाने स्वतःचे घर कसे उभारले, आणि अशा साध्या माणसांचा मागोवा इंग्लंडमध्ये कोणत्या कागदांवरून घेता येतो? आई परत गेली आहे, पण दर रविवारी दूरध्वनीवर “त्या ग्रेसचे काही कळले का?” अशी चौकशी चालू आहे.

टीसकाठचा_डॉक्टर

मी गेली अठरा वर्षे इंग्लंडमधील मिडल्सब्रो परिसरात राहतो. ज्या मार्टन गावात कप्तान कुक जन्मला ते आता आमच्या शहराचेच एक उपनगर झाले आहे, आणि ग्रेट एटन येथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. त्यामुळे या कुटुंबाबद्दल इकडे जे सर्वसाधारणपणे ठाऊक आहे ते लिहितो. कागदपत्रांविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत, ती लिहितीलच.

थोरला जेम्स कुक हा इंग्रज नव्हे, स्कॉटिश. सरहद्दीजवळ केल्सो नावाचे गाव आहे, त्याच्या शेजारचे एडनम हे त्याचे मूळ खेडे. मार्च १६९४ मध्ये तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला. आईबापांची नावे जॉन कुक आणि जीन डंकन. तरुणपणी तो कामाच्या शोधात दक्षिणेकडे आला आणि टीस नदीच्या खोऱ्यात शेतमजूर म्हणून राबू लागला. त्याच्या निघण्याबद्दल इकडे एक दंतकथा सांगितली जाते. निरोप देताना आईने त्याला “देव तुला ग्रेस देवो” असा आशीर्वाद दिला, म्हणजे तुझ्यावर देवाची कृपा राहो असे तिला म्हणायचे होते. आणि देवाने तो शब्द अक्षरशः खरा करून त्याला ग्रेस नावाची बायकोच दिली! गोष्ट रचलेली असावी हे उघड आहे, पण ग्रेसविषयी लोकांनी जपून ठेवलेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट असल्यामुळे तुमच्या मातोश्रींना ती जरूर सांगा.

ग्रेसचे माहेरचे आडनाव पेस. ती टीस नदीकाठच्या थॉर्नबी गावची. १० ऑक्टोबर १७२५ रोजी स्टेन्टन येथील चर्चमध्ये त्यांचे लग्न झाले. तेव्हा जेम्स एकतीस वर्षांचा होता आणि ग्रेस तेविशीच्या आसपास. संसार मांडला तो मार्टन गावी, मातीच्या भिंतींच्या एका लहानशा घरात. ते घर अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदाराने पाडून टाकले. पुढे एकोणिसाव्या शतकात बोल्को नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने ती जमीन घेतली आणि १८५८ साली त्या जागेवर खूण म्हणून ग्रॅनाइटचे एक मोठे पात्र बसवले. आज तो सारा परिसर म्हणजे स्ट्युअर्ट पार्क हे सार्वजनिक उद्यान आहे, त्यात १९७८ पासून कुकचे संग्रहालय आहे, आणि रविवारी सकाळी तेथे आमच्यासारखे लोक कुत्री फिरवीत असतात.

मुले एकंदर आठ. पहिला जॉन, दुसरा जेम्स, मग क्रिस्टियाना, मेरी, जेन, पुन्हा मेरी, मार्गारेट आणि शेवटचा विल्यम. ‘पुन्हा मेरी’ हे वाचून दचकू नका. एक मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत त्या काळी इंग्लंडमध्ये सर्रास होती. या आठांपैकी मोठी होऊन आपापला संसार थाटणारी तिघेच निघाली : जेम्स, क्रिस्टियाना आणि मार्गारेट. चार बालपणीच गेली, आणि थोरला जॉन १७५० साली ऐन तेविशीत वारला.

१७३६ साली या कुटुंबाचे नशीब जरा उघडले. ग्रेट एटनचे जहागीरदार थॉमस स्कॉटो यांनी थोरल्या जेम्सला आपल्या एअरीहोम या शेतावर नेमले. त्या पदाला उत्तर इंग्लंडमध्ये ‘हाइंड’ असा शब्द आहे. पुस्तकांतून त्याचे भाषांतर कधी मजूर, कधी व्यवस्थापक असे केले जाते, पण आपल्याकडचा ‘मुकादम’ हा शब्द त्याला बरोबर बसतो : मालकाच्या वतीने इतर गड्यांकडून काम करून घेणारा, स्वतःही हात मातीत घालणारा, आणि राहायला शेतावरच घर मिळणारा भरवशाचा माणूस. हे शेत रोझबेरी टॉपिंग नावाच्या टेकडीच्या उतारावर आहे आणि आजही तेथे शेतीच होते. याच स्कॉटो साहेबांनी मुकादमाच्या हुशार मुलाची फी भरून त्याला गावच्या पोस्टगेट शाळेत घातले. ही शाळा १७०४ साली सुरू झालेली. पुढचे सगळे समुद्रपर्यटन त्या फीवर उभे आहे, असे मला नेहमी वाटते.

आता घराविषयी. एअरीहोमचे घर मालकाचे होते, स्वतःचे नव्हते. साठी ओलांडल्यावर जेम्सने गावात, पुलाच्या रस्त्यावर स्वतःचे घर केले आणि दारावर बायकोचे नाव आपल्या नावाच्या शेजारी कोरले. ते हे १७५५. जवळजवळ वीस वर्षांच्या मुकादमकीनंतर म्हातारपणाची सोय म्हणून केलेले हे घर, म्हणून ते लहान आहे. मुले केव्हाच बाहेर पडली होती किंवा दफनभूमीत होती.

मनसोक्त_भटक्या

चांगला धागा. मीही ते कॉटेज पाहिले आहे. पण कप्तान कुकचे बालपण याच घरात गेले असे तेथे कोणीतरी सांगत होते, असे मला स्पष्ट आठवते. तिथली खाट, चूल, चरखा पाहून तसे वाटतेही. मग ते चूक समजायचे का?

टीसकाठचा_डॉक्टर

होय, कालगणनेतच बसत नाही. धाकट्या जेम्सचा जन्म १७२८ चा. १७४५ साली, सोळा वर्षांचा असताना, तो स्टेथ्स या मासेमारीच्या बंदरात विल्यम सँडरसन यांच्या दुकानावर कामाला लागला, आणि दीडेक वर्षाने व्हिटबीला जॉन वॉकर यांच्या कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर उमेदवारी करू लागला. दारावर कोरलेल्या १७५५ साली तो सत्तावीस वर्षांचा बाप्या होता आणि नेमके त्याच वर्षी आरमारात भरती झाला. या घरात तो राहिला नाही. आईवडिलांना भेटायला आला असेल, तेवढेच.

इंग्रजीत त्या घराचे नाव लिहिताना षष्ठीचे चिन्ह शेवटच्या ‘स’नंतर देतात, आधी नाही. म्हणजे ‘कुकचे घर’ असा अर्थ नसून ‘कुक मंडळींचे घर’ असा आहे. एवढ्याशा टिंबात सारा खुलासा आहे, पण फलक वाचताना टिंब कोण पाहतो!

जुनी_दप्तरे

वरील माहिती उत्तम आहे. मी पुण्यात राहतो. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम करता करता इंग्लंडमधील नोंदवह्या वाचण्याचा नाद लागला, तेव्हा कागदांच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या मातोश्रींना ग्रेस सापडत नाही यात त्यांचा दोष नाही. तिला कागदांनीच झाकून ठेवले आहे.

इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १८३७ साली सुरू झाली. त्यापूर्वीचा सारा भार गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्यांवर आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला) अशी वही ठेवण्याचा हुकूम केला. शतकाच्या अखेरीस दरवर्षी तिची एक नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी गेली असली तर या नकलांवर काम भागते. मात्र ही जन्मनोंद नव्हे, बाप्तिस्म्याची नोंद. मृत्यूची नव्हे, दफनाची नोंद. आणि कारकून काय लिहील आणि काय गाळील याला काही धरबंध नव्हता.

मार्टनच्या वहीतील कप्तान कुकची नोंद हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. ३ नोव्हेंबर १७२८ च्या त्या एका ओळीत एवढेच म्हटले आहे की रोजंदारी मजूर जेम्स कुक याच्या जेम्स या मुलाचा बाप्तिस्मा झाला. बापाचे नाव आहे, बापाचा धंदासुद्धा आहे; जिने आठवड्यापूर्वी त्याला जन्म दिला तिचा पत्ता नाही. याउलट स्कॉटलंडच्या वह्यांत आईचे नाव माहेरच्या आडनावासह लिहिण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती, आणि तिकडे बायका लग्नानंतरही कायद्याच्या कागदांत माहेरचे आडनाव वापरीत. ‘जीन डंकन’ हे सासूचे नाव आपल्याला सहज सापडते आणि सून मात्र मुलाच्या बाप्तिस्म्यालाही गैरहजर राहते, ते यामुळे. ग्रेसला गाठायचे असेल तर विवाहाच्या नोंदीपाशी जावे लागते, कारण तेथे पेस हे आडनाव लिहिल्याशिवाय गत्यंतरच नव्हते. विवाह बहुधा वधूकडच्या पॅरिशमध्ये होई. म्हणून मार्टनच्या कुटुंबाचे लग्न स्टेन्टनच्या चर्चमध्ये मिळते. आपण नवऱ्याच्या गावी शोधत बसलो तर वर्ष फुकट जाते. मी घालवले आहे, दुसऱ्या एका कुटुंबासाठी.

सही मिळेल का, असाही प्रश्न पुष्कळ जण विचारतात. नाही. विवाहाच्या वहीत वधूवरांनी व साक्षीदारांनी सह्या किंवा निशाणी करण्याची सक्ती हार्डविक यांच्या कायद्याने आली, आणि तो २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. या दोघांचे लग्न त्याआधी अठ्ठावीस वर्षे लागून गेले होते. त्यामुळे ग्रेसला लिहिता येत होते की ती फुली मारीत असे, हे विवाहाच्या नोंदीवरून कळत नाही. थोरल्या जेम्सबद्दल अशी एक परंपरागत गोष्ट आहे की मुलाच्या सफरींची वर्णने वाचता यावीत म्हणून तो ऐंशीच्या घरात वाचायला शिकला. गोष्ट गोड आहे, पण मी ती ऐकीव म्हणूनच सांगतो.

येथे तारखांचा एक घोळ समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण वंशवृक्ष मांडणारे बहुतेक नवशिके येथेच घसरतात. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष १ जानेवारीला नव्हे तर २५ मार्चला बदलत असे. थोरला मुलगा जॉन याचा बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने जानेवारी १७२७ मधला. पण कारकुनाच्या दृष्टीने ते १७२६ सालच चालू होते. स्कॉटलंडने मात्र १६०० सालापासूनच १ जानेवारी हा वर्षारंभ मानला होता. म्हणजे थोरल्या जेम्सच्या बाप्तिस्म्याचा मार्च १६९४ हा एडनमच्या वहीत १६९४ आहे, आणि तोच बाप्तिस्मा त्याच दिवशी काही मैल दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे झाला असता तर तो १६९३ मध्ये लिहिला गेला असता! शिवाय १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आणून अकरा दिवस गाळले गेले. कप्तानाचा जन्म कोठे २७ ऑक्टोबर तर कोठे ७ नोव्हेंबर दिलेला आढळतो, तो एकाच दिवसाचे दोन हिशेब आहेत. आपल्याकडे शालिवाहन शक, राज्याभिषेक शक आणि फसली यांचा मेळ घालताना जी तारांबळ उडते ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

आता या प्रकरणातली चुटपुट लावणारी गोष्ट. ग्रेसच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी याच यॉर्कशायरमध्ये विल्यम डेड नावाच्या एका पाद्रीने नोंदी ठेवण्याची नवी पद्धत सुचवली आणि १७७७ पासून यॉर्कच्या आर्चबिशपांनी तिला उत्तेजन दिले. त्या पद्धतीच्या वहीत बाप्तिस्म्याच्या एकाच नोंदीत आईचे माहेर, दोन्हीकडच्या आजोबांची नावे, त्यांचे धंदे, मूल कितवे, हे सगळे सापडते. इंग्लंडभर वंशावळी शोधणारे लोक यॉर्कशायरवाल्यांचा हेवा करतात तो त्यामुळे. १८१३ पासून छापील तक्ते आले आणि ही चैन संपली. ग्रेसची आठही मुले या वहीच्या कितीतरी आधी जन्मली. पन्नास वर्षांनी उशिरा लग्न झाले असते, तर तुमच्या मातोश्रींच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका पानावर मिळाली असती.

सातारकर_मेलबर्न

आपणा दोघांचेही मनापासून आभार. मी दोन्ही उत्तरे छापून आईला पाठवली. “देव तुला ग्रेस देवो” ही गोष्ट तिला फार आवडली, पण दुसऱ्या मेरीबद्दल वाचून ती बराच वेळ गप्प होती. माझ्या आजीलाही एक मुलगी गेल्यावर पुढच्या मुलीला तेच नाव ठेवण्याचा आग्रह झाला होता, आणि आजीने तो मोडून काढला होता, हे तिने मला पहिल्यांदाच सांगितले.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, त्या घरात ही दोघे किती वर्षे राहिली आणि शेवटी त्यांचे काय झाले? आणि दुसरी, जी आईच्या दृष्टीने मुख्य आहे : त्यांचा वंश चालू आहे का? माझ्या वाचनाप्रमाणे कप्तान कुकचा वंश खुंटला आहे.

जुनी_दप्तरे

कप्तानाबद्दल आपले वाचन बरोबर आहे. त्याचे लग्न २१ डिसेंबर १७६२ रोजी बार्किंग येथे एलिझाबेथ बॅट्स हिच्याशी झाले. त्यांना सहा मुले झाली. तीन बालवयातच गेली. उरलेल्या तीन मुलग्यांपैकी नॅथॅनिएल १७८० मध्ये आरमाराच्या जहाजाबरोबर चक्रीवादळात बुडाला, ह्यू १७९३ च्या अखेरीस विद्यार्थिदशेतच वारला, आणि जेम्स महिनाभरातच, १७९४ च्या जानेवारीत गेला. कोणालाच मूलबाळ नव्हते. एलिझाबेथ मात्र १८३५ पर्यंत, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगली. नवरा आणि सहाच्या सहा मुले यांच्या मागे ती चाळीस वर्षांहून अधिक काळ एकटी होती.

पण प्रश्न कप्तानाच्या वंशाचा नसून जेम्स आणि ग्रेस यांच्या वंशाचा आहे, आणि तेथे उत्तर बदलते. धाकटी मुलगी मार्गारेट हिने रेडकार येथील जेम्स फ्लेक या कोळ्याशी लग्न केले. कुक कुटुंबाचे रक्त पुढे चालले ते या मासे धरणाऱ्या घरातून. ज्याला आपल्या जुन्या पद्धतीच्या वंशावळीत स्थानच मिळाले नसते असा हा मार्ग आहे. आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत मुलींच्या नावापुढे ‘सासरी’ एवढा एकच शब्द छापला आहे, आणि त्या शब्दाच्या पलीकडे निम्मे घराणे आहे. त्या नियमाने ग्रेट एटनच्या कुकांची वंशावळ मांडली, तर ती १७९४ मध्ये संपते. मुलींना धरून मांडली, तर ती पुढे चालू लागते. आपल्या मातोश्रींना ‘वंश चालू आहे, पण आडनाव कुक नाही’ असे सांगायला हरकत नाही.

ज्यांना हे स्वतः शोधायचे असेल त्यांनी एक पथ्य पाळावे : हातातल्या पुराव्यापासून मागे जावे, प्रसिद्ध नावापासून खाली येऊ नये. कुक हे आडनाव इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या पाटलांइतके विपुल आहे, आणि ‘आम्ही कप्तान कुकचे वंशज’ असे म्हणणारा कुक वरील हिशेबाने थेट वंशज असूच शकत नाही.

टीसकाठचा_डॉक्टर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी काल संध्याकाळी मुद्दाम ग्रेट एटनला जाऊन आलो, म्हणून उशीर झाला.

ग्रेसला ते घर जेमतेम दहा वर्षे लाभले. १७६५ साली, त्रेसष्टीच्या सुमारास, ती वारली. गावातल्या ऑल सेंट्स या बाराव्या शतकातील जुन्या चर्चच्या आवारात तिचा दगड आहे. त्यावर आधी गेलेली मुले आणि मग त्यांची आई, अशा क्रमाने नावे आहेत. हा दगड म्हाताऱ्या जेम्सने स्वतः कोरला असे इकडचे लोक सांगतात. खरे-खोटे कोण ठरवणार. एवढे मात्र खरे की मार्टनच्या वहीने जिला वगळले, तिची ओळख या दगडावर ‘वरील मुलांची आई’ अशी करून दिली आहे. काल पाऊस नुकताच थांबला होता, आणि तिरक्या उन्हात अक्षरे नेहमीपेक्षा ठसठशीत दिसत होती. जुने दगड वाचायचे तर दुपारी जाऊ नये.

पत्नीच्या मागे जेम्स काही वर्षे त्या घरात एकटा राहिला. पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेहून परतल्यावर, १७७१ च्या डिसेंबरात, कप्तानाने आरमाराकडून तीन आठवड्यांची रजा घेतली आणि एलिझाबेथला बरोबर घेऊन ऐन हिवाळ्यात तो बापाला भेटायला ग्रेट एटनला आला. त्या घराशी कप्तानाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर खात्रीने दाखवता येईल अशी भेट ही आहे. नंतर म्हातारा रेडकारला मार्गारेटकडे राहायला गेला. म्हणजे शेवटी सांभाळले ते मुलीनेच. १ एप्रिल १७७९ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी तो वारला आणि जवळच्या मार्स्क गावी, समुद्राच्या अंगाला असलेल्या सेंट जर्मेन चर्चच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या कबरीवर दगड नाही. त्या आधी दीड महिना, १४ फेब्रुवारीला, हवाई बेटांवर कप्तान मारला गेला होता. पण ती बातमी लंडनला पोहोचली १७८० च्या जानेवारीत. बापाला मुलाचे कळले नाही आणि मुलाला बापाचे कळायचा प्रश्नच उरला नाही.

घराच्या प्रवासाबद्दल वर कोणी लिहिले नाही, म्हणून तेही सांगून टाकतो. १९३३ साली घराच्या मालकीणबाईंनी ते विकायला काढले, पण घर इंग्लंडच्या बाहेर जाता कामा नये अशी अट घातली. स्थानिक लोकांनी लावलेली सर्वात मोठी बोली ३०० पौंडांची होती. मेलबर्नचे उद्योजक रसेल ग्रिमवेड यांनी ८०० पौंड देऊ केले, आणि बाईंची समजूत घालून अटीतील ‘इंग्लंड’ हा शब्द बदलून तेथे ‘साम्राज्य’ असा शब्द घालून घेतला. ऑस्ट्रेलिया साम्राज्यात होतेच! मग घराचा दगड न् दगड सुटा करून २५३ पेट्या आणि ४० पिंपे भरली गेली, आणि ‘पोर्ट डनीडिन’ या जहाजातून ती हल बंदरातून रवाना झाली. मेलबर्नच्या शताब्दीनिमित्त ऑक्टोबर १९३४ मध्ये ते घर तेथील जनतेला भेट देण्यात आले.

त्याच्या बदल्यात ग्रेट एटनला मिळाला एक दगडी स्तंभ. कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा जो किनारा प्रथम दिसला, त्या पॉइंट हिक्सच्या दगडाचा हा स्तंभ घराच्या मोकळ्या जागेवर उभा केला आहे. सौदा बरोबरीचा झाला असे मला तरी वाटत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनाही वाटत नाही, पण ते हसून सांगतात.

एक काम मात्र तुम्ही माझ्यासाठी करा. भिंतीवर जो वेल चढला होता, त्याच्या फांद्याही घराबरोबर मेलबर्नला नेऊन लावल्या होत्या असे म्हणतात. पुढच्या वेळी गेलात तर तो वेल अजून तिथे आहे का ते पाहा, आणि असला तर येथे एक छायाचित्र टाका.

सातारकर_मेलबर्न

वेल आहे. काल संध्याकाळी जाऊन पाहिला. छायाचित्र सोबत जोडले आहे. आईला ते पाठवले, तर तिचा उलट प्रश्न आला आहे की ग्रेसच्या थॉर्नबीच्या माहेरी पेस घराण्यात भाऊ-भावजया कोण होत्या. जुनी_दप्तरे, आता आपणच वाचवा.